अकरा नंबरचा दाणा

वसमतच्या बसस्टँडसमोर ओळीने लावलेल्या मोटारसायकलींवर एक साठीचा माणूस डोळे मिटून अंगठा फिरवत चालला आहे, हे दृश्य गावात नव्या आलेल्या माणसाला चोरीच्या तयारीचे वाटे. तो ‘अहो, अहो’ करत धावे. मग पानटपरीवरून कुणीतरी ओरडे, “काही करत न्हाईत हो ते. दाना पाहून राहिले.” नव्या माणसाचे या खुलाशाने समाधान होत नसे, पण तोवर अंबादासअण्णांचे काम उरकलेले असे. ते डोळे उघडत, गाडीच्या मालकाकडे तो दहावीला नापास झाल्यासारखे बघत आणि म्हणत, “कव्हर बदललं व्हय? बदलायला काय अक्कल लागती?”

दाणा म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. मोटारसायकलचे काळे प्लास्टिक तुम्ही रोज पाहता, पण त्याला हात लावून पाहिलेले नसते. ते गुळगुळीत नसते. त्यावर कातड्यासारखी बारीक खरबरीत नक्षी असते. ती कंपनीने ओरखडे दिसू नयेत म्हणून दिलेली असते आणि तिच्यामुळेच एखादा खरा ओरखडा पडला, की तो पाटीवरच्या खडूसारखा पांढराशुभ्र उठून दिसतो. टाकीला रंग मारता येतो. याला रंग मारला तर ओरखडा दिसतो तो दिसतोच, वर रंगही दिसतो. त्यामुळे सगळे मेकॅनिक एकच इलाज सांगत: बदलून टाका. सगळ्या जिल्ह्यात एकटे अण्णा म्हणत, की बदलायचे नाही. दाणा परत उठवायचा.

हे ज्ञान त्यांना दातांतून मिळाले होते. पंचवीस वर्षे ते गावातल्या एका दातांच्या डॉक्टरकडे कवळ्या घडवत. माणसाच्या तोंडाचा ठसा घ्यायचा, त्यात पांढरे प्लास्टर ओतायचे, त्यावर गुलाबी मसाल्याची हिरडी बसवायची. “परगण्यातली निम्मी म्हातारी मंडळी माझ्या दातानं हुरडा खाती,” असे ते म्हणत, आणि हुरड्याच्या दिवसांत ते खरेही वाटे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी काळ्या प्लास्टिकच्या गाड्या गावात दिसू लागल्या, डॉक्टर मुलाकडे पुण्याला निघून गेले, आणि अण्णांनी तोंडाचा व्यवसाय सोडून गाडीचा धरला. साहित्य तेच राहिले. फक्त गिऱ्हाइकाला आता ‘आ’ करायला सांगावे लागत नसे.

त्यांची रीत अशी. ओरखड्याच्या कडा बारीक पॉलिश पेपरने घासायच्या. मोडक्या गाडीच्या त्याच जातीच्या प्लास्टिकचा तुकडा वितळवून खाच भरायची. मग स्वयंपाकघरातली पळी स्टोव्हवर तापवून त्या जागेवर नुसती धरायची, टेकवायची नाही. आणि प्लास्टिक मऊ पडले, की त्यावर दाण्याचा ठसा दाबून एकवीस वेळा ‘राम’ म्हणायचे. वीस वेळा म्हटले तर दाणा उथळ उठतो आणि बावीस वेळा म्हटले तर ठसा चिकटतो, असे त्यांचे शास्त्र होते. मी एकदा घड्याळ लावून मोजायची सूचना केली, तर म्हणाले, “घड्याळाला काय म्हाईत, प्लास्टिक कवा लाजतं ते?”

हे ठसे बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात असत. ते कवळीच्याच मसाल्याचे, म्हणजे हिरडीसारखे गुलाबी होते. डबा उघडला की दात पडलेल्या पंधरा-वीस जणांनी एकदम आपल्याकडे बघून तोंड उघडल्यासारखे वाटे. प्रत्येक ठशाला मागे कागद चिकटवलेला: ‘१ संत्रं’, ‘४ डॉक्टरांची जुनी बॅग’, ‘६ मास्तरची चप्पल’, ‘९ सीताफळ, जमलं न्हाई’. कुठल्या गाडीचा दाणा जगातल्या कुठल्या वस्तूशी जुळतो, हे शोधत हा माणूस फिरत असे. अकराव्या ठशावर मात्र नुसता आकडाच होता. मी विचारले, तर म्हणाले, “त्याला नाव लागत न्हाई.”

या छंदामुळे अण्णांशी हात मिळवणे हा एक प्रकारच होता. ते समोरच्याचा हात दोन्ही हातांत धरत आणि त्याच्या वरच्या बाजूवर अंगठा फिरवत राहत. बँकेत नवीन आलेला एक तरुण अधिकारी यामुळे इतका भांबावला, की त्याने कर्जाचा अर्जच पुढे केला. “सायेब, तुमचा दाना लै बारीक हाये,” अण्णा त्याला म्हणाले, “घरच्यांनी फार लाडात वाढवलं.” गावच्या पुढाऱ्याचा, भाऊसाहेबांचा हात धरून मात्र त्यांनी लगेच सोडला. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “दानाच न्हाई. नमस्कार करू करू घासून गेलाय.”

अण्णांची सुगी दसऱ्यानंतर असे. आमच्याकडे दसऱ्याला गाडीची पूजा होते आणि पूजेत नारळ फोडावा लागतो. नारळ दगडावर फोडणारा माणूस शहाणा. पण भक्तीच्या भरात तो थेट गाडीवरच फोडणारे दरवर्षी दहा-बारा निघत. काहीजण प्लास्टिक चमकावे म्हणून त्याला खोबरेल तेल चोळून हळदीच्या बाजारात गाडी उभी करत. संध्याकाळपर्यंत दाण्यादाण्यात हळद बसून गाडी नवरदेवासारखी पिवळी होई. हे सगळे अण्णांकडे येत. अण्णा त्यांना ओसरीवर बसवून तासभर बोलत, मग काम घेत. घाई करणाऱ्याला सरळ परत पाठवत.

माझी त्यांच्याशी ओळख एका मेंढ्यांच्या कळपाने करून दिली. मी पाटबंधारे खात्यात कारकून. महिन्यातून चार-पाच वेळा सिद्धेश्वरच्या धरणावर जावे लागे. औंढ्याच्या रस्त्यावर वळणाला कळप आडवा आला, मी आणि गाडी वेगवेगळ्या दिशांनी पडलो. मेंढपाळाने आधी मेंढ्या मोजल्या, त्या पुऱ्या भरल्यावर माझ्याकडे पाहिले. मला फार लागले नाही, पण डाव्या बाजूच्या काळ्या कव्हरवर वीतभर ओरखडा उमटला.

अण्णांनी ते कव्हर नऊ दिवस ठेवून घेतले. नऊ दिवस मी डाव्या बाजूने उघड्या गाडीवर कचेरीत गेलो आणि ‘तुमची बॅटरी दिसून राहिली’ ही बातमी गावातल्या प्रत्येकाने मला दिली. दहाव्या दिवशी कव्हर आणायला गेलो. ओरखडा सापडेना. माझा ओरखडा मलाच सापडेना म्हटल्यावर मी ते उलटसुलट करून पाहू लागलो. वहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कव्हरकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. अण्णा डाफरले, “काय दात काढून राहिली? आत जाय.” त्या आत जाऊनही हसतच होत्या. मला वाटले, मला हसल्या. चहा त्यामुळे जरा कमी गोड लागला.

यापुढची हकीकत सांगायला मला आवडत नाही. वर्षभराने मला बढती मिळाली. कारकुनाचा वरिष्ठ कारकून होणे ही काही मोठी उडी नव्हे, पण माणूस त्या दिवसांत आरशात जरा जास्त वेळ पाहतो. मी नांदेडहून चकचकीत पट्ट्यांचे नवे कव्हर आणून गाडीला बसवले. अण्णांना सांगितले नाही. त्यांच्या घरासमोर गाडी लावायची वेळ आली, की डावी बाजू भिंतीकडे करून लावू लागलो. सहा वर्षे मी ही कसरत केली. मधल्या काळात वहिनी गेल्या. दोन महिन्यांचे आजारपण झाले आणि संपले. दहाव्याला भेटायला आलेल्या प्रत्येकाचा हात अण्णा नेहमीसारखाच धरून ठेवत होते. महिन्याभराने ओसरीवर पुन्हा पळी तापू लागली.

त्यानंतर तीन वर्षांनी अकरा नंबरचा ठसा गेला.

भाऊसाहेबांच्या वाढदिवसाची मिरवणूक होती. गावातली बहुतेक झाडे त्यांच्या फलकांमागे गेली होती. मुलाच्या मोटारसायकलवर मागे भाऊसाहेब उभे राहून जाणार होते आणि नेमकी ती गाडी सकाळी कमानीच्या बांबूला घासली. चार माणसे गाडी घेऊन अण्णांच्या दारात. “अण्णा, तासाभरात पाह्यजे.” अण्णांनी नेहमीप्रमाणे नाही म्हणायला हवे होते. पण बाहेर ताशा वाजत होता, चौघे डोक्यावर उभे होते आणि एकजण दर मिनिटाला “झालं का?” विचारत होता. अण्णांनी पळी जास्त तापवली. ठसा दाबला. रामाचा आकडा चुकला. पंचवीस-तीस झाले असावेत. ठसा चिकटला, ओढताना वाकला आणि त्याचा दाणा गाडीच्या प्लास्टिकमध्येच फाटून राहिला. अण्णांनी ती जागा खरवडून काढली, चार नंबरचा ठसा मारला आणि गाडी दिली. भाऊसाहेब हात जोडत तिच्यावरून गेले. कुणाला काही फरक कळला नाही.

दुसऱ्या दिवसापासून अण्णांचे बसस्टँडवर फिरणे बदलले. आधी ते अंगठा लावून बोलत, आता लावून पुढे जात. त्यांना अकरा नंबर हवा होता. ठसा गेला तरी त्याने उठवलेला दाणा कुठल्या ना कुठल्या गाडीवर असणार. तो सापडला, की त्यावरून पुन्हा घेता येईल, असा त्यांचा हिशोब. अकरा नंबर एकाच जातीच्या गाडीला चाले, तिच्या डाव्या-उजव्या कव्हरांना. अशा सोळा-सतरा गाड्या त्यांनी केल्या होत्या. पण गाड्या तोवर म्हाताऱ्या झाल्या होत्या. काही भंगारात गेल्या होत्या, काहींची कव्हरे बदलली होती, काहींवर मालकाच्या गुडघ्याने घासून दाणा सपाट झाला होता.

माझ्या दारात ते पहिल्याच आठवड्यात आले. गाडी अंगणात होती, डावी बाजू भिंतीकडे. ते भिंत आणि गाडी यांच्यामधल्या फटीत शिरले, अंगठा लावला आणि तितक्याच अडचणीने बाहेर आले.

“न्हाई,” एवढेच म्हणाले.

“झिजला असेल,” मी म्हणालो.

“आसंल,” ते म्हणाले.

शेवटी एकच गाडी उरली. ती साखऱ्याच्या गणपत नावाच्या मेंढपाळाने जुनी म्हणून विकत घेतली होती. अण्णांना एकट्याने जायचे धाडस होईना, म्हणून मी रजा टाकून सोबत गेलो. माझ्या मनात काय चालले होते, हे मी त्यांना सांगितले नाही. एसटीने हिंगोली, तिथून सेनगाव, तिथून साखरा. गणपत भेटला. गाडीला दोन्ही बाजूंनी चाऱ्याच्या पेंढ्या बांधलेल्या. त्या सोडवून अण्णांनी कव्हरला अंगठा लावला. रोज दोरी घासून तिथे आरसा झाला होता.

“काका, वसमतहून येवढं डबा गाडीला हात लावायला आल्ते व्हय?” गणपतने विचारले. “काहून?”

“व्हय,” अण्णा म्हणाले.

गणपतने थोडा विचार केला. “बरं,” तो म्हणाला, “चहा घेता का?” जगातल्या बऱ्याच प्रश्नांवर हा इलाज चालतो. आम्ही चहा घेतला. निघताना गणपतने कव्हर काढून देऊ केले, “लागत आसंल तर न्या, मला त्याचा काय उपेग.” अण्णांनी त्याचा हात धरला, अंगठा फिरवला आणि म्हणाले, “तुझा दाना चांगला हाये. जप.”

हिंगोलीच्या स्टँडवर वसमतची गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. मी म्हणालो, “अण्णा, एवढी तकलीफ कशाला? चार नंबर मारा, सहा नंबर मारा. कोण बघतं?”

अण्णा बराच वेळ समोरच्या फलाटाचा आकडा वाचत राहिले. मग म्हणाले, “अकरा नंबर तुमच्या वहिनीचा हात व्हता.”

मी त्यांच्याकडे वळून बसलो.

“त्या गाडीचा दाना कशालाच मिळंना. संत्रं पाह्यलं, चामडं पाह्यलं, सीताफळ पाह्यलं. एक दिवस जेवाय बसलो व्हतो, ही भाकर थापून राहिली. हाताची वरची बाजू दिसली. म्हनलं, आगं, थांब. तसाच हात धरला अन् मसाला लावला. तिकडं तव्यावर भाकर करपून राहिली. ती म्हने, आवं, सोडा, भाकर जळली. मी म्हनलं, हालू नको. लै बोलली मला. पन हालली न्हाई. दाना बराबर मिळाला. मंग दर गाडीला हसायची. म्हनायची, माझा हात सगळा तालुका हिंडून आला, अन् मला तुमी सिद्धेश्वरचं धरन बी दावलं न्हाई.”

“फोटो असेल ना त्यांचा?” मी विचारले. हा प्रश्न मी का विचारला, कोण जाणे.

“हाये की. भितीवर हाये.” अण्णांनी अंगठा स्वतःच्याच धोतरावर घासला. “फोटूला दाना नसतो.”

वसमतची गाडी लागली आणि आम्हाला जागाही मिळाली.

घरी आलो तर बायको अंगण झाडत होती. कचऱ्याचा ढीग जमला होता आणि ती तो एका काळ्या वस्तूत भरत होती. मी पायऱ्यांवरच थांबलो. माझ्या गाडीचे जुने कव्हर सहा वर्षे आमच्या घरी केरभरणे म्हणून काम करत होते आणि घरात राहून मी ते एकदाही पाहिले नव्हते.

“ते दे इकडे,” मी म्हणालो.

“केर भरते आहे ना मी.”

“दे आधी.”

“अहो, दुसरं घ्या, कोपऱ्यात पत्र्याचं आहे. हे मी देणार नाही. हे हातातून सुटत नाही. धरायच्या जागी कसं खरबरीत आहे बघा.”

मी बघितले. खालची कड फरशीवर घासून पांढरी पडली होती. पण वरच्या बाजूला, जिथे ती धरायची, तिथे वीतभर पट्टा जसाच्या तसा होता.

केर तिथेच सोडून मी कव्हर घेऊन अण्णांकडे गेलो. रस्ताभर मी एक वाक्य जुळवत होतो. बढतीचे काय, पट्ट्यांचे काय, असे सगळे त्यात होते. अण्णांनी मला ते बोलू दिले नाही. कव्हर घेतले, न्हाणीत नेऊन साबणाने धुतले, धोतराच्या सोग्याने पुसले, डोळे मिटले आणि अंगठा लावला. मी उभाच होतो.

“तुमी बदललं व्हतं, मला म्हाईत व्हतं,” डोळे न उघडता ते म्हणाले. “सहा वरसं गाडी भितीला चिटकवून लावता. कोन लावतं तसं?”

मग कवळीचा मसाला भिजवून त्यांनी त्या जागेवर थापला. तो घट्ट झाल्यावर सोलून काढला. त्यात प्लास्टर ओतले. सगळे काम त्यांनी इतक्या सावकाश केले, की मधे दोनदा चहा झाला. चहा अण्णांनीच केला. प्लास्टर सुटले तेव्हा हातात काडीपेटीएवढा एक पांढरा तुकडा आला. त्याच्यावर बारीक दाणा होता.

“आता यावरून ठसा करायचा?” मी विचारले.

“न्हाई. ठसा उलटा आसतो. हे सुलटं हाये.” त्यांनी तुकडा माझ्यापुढे धरला. “पाहा.”

मी अंगठा लावला. मला प्लास्टर लागले. तसे मी सांगितले नाही.

कव्हर त्यांनी परत केले. खालची पांढरी पडलेली कडही घासून नीट करून दिली आणि म्हणाले, “न्या. सूनबाईंचा केर खोळंबला आसंल.” त्यानंतर त्या जातीची गाडी आली, की ते ‘जमत न्हाई’ म्हणून परत पाठवत. बसस्टँडवरही फिरत, पण आता हात मागे बांधून.

पंधरा दिवसांनी, शनिवारी संध्याकाळी, ते माझ्याकडे आले. “सायेब, सोमवारी धरनावर जायचं आसंल ना कचेरीचं?” नव्हते जायचे. मी म्हणालो, जायचे आहे.

सोमवारी ते माझ्या मागे बसले. सगळा रस्ता एक हात माझ्या खांद्यावर आणि दुसरा सदऱ्याच्या खिशावर. मेंढ्यांच्या वळणाला मी गाडी हळू घेतली. सिद्धेश्वरला पोचल्यावर मी बांधावर गाडी लावली. डावी बाजू बाहेर. अण्णा थोडे पुढे जाऊन उभे राहिले. खिशातून रुमाल काढला, उलगडला आणि तो पांढरा तुकडा तळहातावर घेऊन पाण्याच्या दिशेने धरला. खाली कोळ्यांच्या दोन होड्या होत्या, बाकी नुसते पाणी. अण्णांचे ओठ हलत होते. मला शब्द ऐकू येत नव्हते, पण काय चालले आहे ते कळत होते, म्हणून मीही मनात मोजू लागलो.

एकवीसला त्यांनी रुमाल बांधला.

“बराबर हाये,” म्हणाले. “चला.”